बाण सरळ, वाट वाकडी

परदेशात जिओकॅशिंग करायचं म्हणून जीपीएस बॅगेत टाकला. पण त्या जीपीएसमध्ये तिकडचा नकाशा आहे का, हे बघितलंत का?

"ताई, बाण सांगतोय सरळ जा."

"अगं, सरळ दरी आहे!"

ऑक्टोबरमधली दुपार. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराजवळचा शाउइन्सलांड नावाचा डोंगर. उंची १२८४ मीटर, म्हणजे आपल्या तोरण्यापेक्षा थोडी कमीच. मी आणि माझी मावसबहीण, दोघी एका डब्याच्या शोधात निघालो होतो. हातात बाबांचा जुना हॅन्डहेल्ड जीपीएस. डबा फक्त ३१० मीटरवर असल्याचं तो सांगत होता. आणि आजूबाजूला? धुकं. नुसतं धुकं. वीस पावलांपुढचं झाड दिसेना.

मी नकाशाचं पान उघडलं. पडद्यावर एक पिवळट रिकामी जागा, कोपऱ्यातून गेलेली एक रेघ आणि 'फ्रायबुर्ग' लिहिलेला एक ठिपका. बस्स. पायवाट नाही, उतार नाही, ओढा नाही. आम्ही जगाच्या नकाशावर नेमक्या कुठे आहोत ते त्या यंत्राला पक्कं ठाऊक होतं. फक्त तिथे काय आहे, याचा त्याला पत्ता नव्हता.

चूक कुणाची? माझी. निघायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले होते, "तिकडचा नकाशा टाकून घे त्यात." मी बॅग भरता भरता म्हटलं, "हो बाबा, तिकडे गेल्यावर टाकते." पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

ही चूक तुम्ही करू नये म्हणून हा लेख. कारण बॅकपॅक घेऊन परदेशात भटकणाऱ्या मुलामुलींमध्ये जिओकॅशिंगचं वेड वाढतंय आणि 'जीपीएस आहे म्हणजे नकाशा आहेच' हा गैरसमज माझ्यासारखाच अनेकांचा असतो.

आधी, हा खेळ काय आहे?

सोप्या भाषेत सांगायचं तर जगभर चाललेली खजिन्याची शोधाशोध. कुणीतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची.

याची सुरुवात झाली २००० साली. तोपर्यंत अमेरिकेचं लष्कर सामान्य माणसांच्या जीपीएसला मुद्दाम चुकीचा संकेत देत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं मे महिन्याच्या सुरुवातीला ही अडचण काढून टाकली गेली आणि एका रात्रीत लोकांच्या हातातली यंत्रं दहा-वीस मीटरच्या अचूकतेनं जागा दाखवू लागली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात एक काळी बादली जमिनीत अर्धवट पुरली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. त्या बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क शेंगांचा डबाबंद कॅनही होता! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आज जगात तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. मुंबई-पुण्यातही आहेत, पण मोजके. जर्मनीत मात्र गावोगावी, जंगलोजंगली. म्हणून तर ताईकडे जायचं ठरलं तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच होतं.

सॅटेलाइट नकाशा पाठवत नाही

हे वाक्य मोबाइलच्या वॉलपेपरवर लावून ठेवा. आकाशातले उपग्रह फक्त वेळेचे संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की त्यावरून तुमचं यंत्र स्वतः हिशोब करतं आणि तुमची जागा ठरवतं. यासाठी सिमकार्ड लागत नाही, रोमिंग लागत नाही, इंटरनेट लागत नाही. भारतातून नेलेला जीपीएस जर्मनीत काय, न्यूझीलंडमध्येही चालतो.

पण नकाशा ही वेगळी गोष्ट. तो आधीच यंत्राच्या मेमरीत असावा लागतो. बहुतेक हॅन्डहेल्डमध्ये कंपनीकडून फक्त 'बेसमॅप' येतो. त्यात साऱ्या जगाचं ढोबळ चित्र असतं, मोठे रस्ते आणि मोठी शहरं. गाडीनं जाताना दिशा कळायला ठीक. जंगलात त्याचा उपयोग शून्य.

आणि तो बाण? तो तुमच्यापासून डब्यापर्यंत सरळ रेघ धरून दिशा दाखवतो. पक्षी उडेल तशी. मध्ये दरी असो, नदी असो की कुणाच्या शेताचं कुंपण, त्याला देणंघेणं नसतं.

मग फोन का नाही?

तुम्ही हेच विचारणार, कारण मीही बाबांना हेच विचारलं होतं. खरं सांगायचं तर शहरातल्या कॅशिंगसाठी फोन पुरतो. अँड्रॉइडवर 'सी:जिओ' हे फुकट अॅप आहे. 'ऑस्मअँड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स'मध्ये अख्ख्या देशाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि नेट नसतानाही चालतो.

पण त्या दिवशी माझ्या फोनला तिकडे नेटवर्क नव्हतं, कारण रोमिंग घेतलंच नव्हतं. ताईच्या फोनची बॅटरी फोटो काढण्यात आणि थंडीत अकरा टक्क्यांवर आली होती. हॅन्डहेल्ड मात्र दोन साध्या पेन्सिल सेलवर दिवसभर चालतो. भिजला, पडला तरी चालतो. हातमोजे घालूनही बटणं दाबता येतात. डोंगरात, थंडीत, परक्या देशात हे फरक मोठे ठरतात. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही न्या आणि नकाशा दोन्हींत टाका.

नकाशा आणायचा कुठून?

दोन रस्ते आहेत. पहिला विकतचा. गार्मिनसारख्या कंपन्या देशोदेशीचे टोपो नकाशे विकतात. ते मेमरी कार्डवर घेतलेत तर कार्ड दुसऱ्या यंत्रात घालूनही चालतं. डाउनलोड घेतलंत तर ते सहसा एकाच यंत्राला बांधलेलं असतं. नकाशे उत्तम असतात, पण चार दिवसांच्या सहलीसाठी विद्यार्थ्याच्या खिशाला जड.

दुसरा रस्ता फुकटचा आणि माझ्या मते जास्त मजेचा. 'ओपनस्ट्रीटमॅप' हे नाव ऐकलंय? विकिपीडिया जसा लोकांनी लिहिलाय, तसा हा जगाचा नकाशा लोकांनी काढलाय. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरुवात केली. आज जगभरचे स्वयंसेवक त्यात रस्ते, पायवाटा, पाण्याचे नळ, अगदी जंगलातली बाकडीसुद्धा टाकतात. युरोपातल्या डोंगरवाटांच्या बाबतीत तर हा नकाशा फारच तपशीलवार आहे.

हाच डेटा हॅन्डहेल्डला कळेल अशा रूपात बदलून देणारे प्रकल्प आहेत. 'फ्रायत्साइटकार्टं' आणि 'ओपनटोपोमॅप' यांच्याकडे देशानुसार तयार फाइल मिळते. 'बीबीबाइक'वर तुम्ही नकाशावर चौकोन आखायचा, फाइलचा प्रकार निवडायचा आणि थोड्या वेळानं ईमेलवर लिंक येते. फक्त एक लक्षात ठेवा. डोंगरात जाणार असाल तर समोच्च रेषा, म्हणजे चढ-उतार दाखवणाऱ्या रेषा, त्या फाइलमध्ये आहेत का ते बघा. काही ठिकाणी त्यांची फाइल वेगळी असते. ती विसरलात तर नकाशा असूनही दरी दिसणार नाही.

यंत्रात कसा टाकायचा?

पहिलं काम, आपलं मॉडेल तपासा. उदाहरणार्थ, ईट्रेक्स १० मध्ये कार्डाची जागाच नाही, त्यामुळे त्यात तपशीलवार नकाशा टाकता येत नाही. ईट्रेक्स २० किंवा ३० मध्ये मायक्रोएसडी कार्ड बसतं. सेकंडहॅन्ड घेणार असाल तर हे आधी विचारा. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि नकाशाच बसेना, असं व्हायला नको.

दुसरं, कार्ड 'फॅट ३२' पद्धतीनं फॉरमॅट करा. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून अख्खा युरोप एकदम टाकायचा मोह आवरा. जाणार तो देश, फार तर शेजारचा भाग घ्या.

तिसरं, कार्डावर 'गार्मिन' नावाचा फोल्डर करून त्यात नकाशाची फाइल ठेवा. नव्या यंत्रांत वेगवेगळ्या नावांच्या बऱ्याच फाइली चालतात. जुन्या यंत्रांना मात्र 'जीमॅपसप' या एकाच ठरावीक नावाची फाइल ओळखता येते. तेव्हा दुसरा देश टाकताना पहिल्याची फाइल पुसली जाईल, हे ध्यानात ठेवा. आणि यंत्राला केबल लावून कॉपी करत बसू नका, तासन् तास जातात. कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला, पटकन होतं.

चौथं, यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा नकाशा 'सुरू' करा आणि बाकीचे बंद करा. दोन नकाशे एकावर एक सुरू राहिले तर वरचा खालच्याला झाकतो आणि आपल्याला वाटतं, काही झालंच नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी बसून तपासा. पुण्यात कोचावर बसूनही यंत्रातला नकाशा सरकवत जर्मनीपर्यंत नेता येतो. जिथे जायचंय ते गाव शोधा, झूम करा. पायवाटा दिसल्या? मग बॅगेत टाका.

सहाशे मीटरची चूक

डब्यांची माहिती जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये येते. ती यंत्राच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकली की डब्याचं वर्णन, इशारे, आधीच्या शोधकांच्या नोंदी सगळं पडद्यावर वाचता येतं. पैसे भरून सभासद झालात तर 'पॉकेट क्वेरी'नं एका वेळी हजार डब्यांची माहिती उतरवता येते. नाहीतर पाच-सहा डब्यांचे आकडे हातानं टाकायचे.

हातानं टाकणार असाल तर इथे घोळ होतो. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. समजा आकडा आहे ४७ अंश ५४.५०० मिनिटं. दशांश पाच म्हणजे अर्धं मिनिट, म्हणजे तीस सेकंद. पण यंत्र अंश-मिनिट-सेकंदाच्या सेटिंगवर असेल आणि तुम्ही ५४ मिनिटं ५० सेकंद असं टाकलंत, तर वीस सेकंदांचा फरक पडला. उत्तर-दक्षिण दिशेत एक सेकंद म्हणजे साधारण ३१ मीटर. करा हिशोब, सहाशे मीटरच्या वर चुकलात! म्हणून आधी फॉरमॅट जुळवा आणि 'डेटम' या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूजीएस ८४' आहे ना, ते बघा.

अजून एक गंमत. परदेशात उतरल्यावर यंत्र पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा ते गोंधळतं. त्याला वाटतं आपण अजून पुण्यातच आहोत. उघड्या आकाशाखाली पंधरा-वीस मिनिटं शांत ठेवा, उपग्रह शोधायला वेळ द्या. हे काम हॉटेलच्या बाल्कनीत किंवा बागेत उरका, डोंगरावर नको.

धुक्यात काय झालं?

तर, परत त्या उतारावर येऊ. ३१० मीटर राहिले होते आणि मला पुढे जायचं होतं. "एवढं आलोय ताई, फक्त तीनशे मीटर!" ताई थांबली. म्हणाली, "वाट कधीच सुटली आपली. इथे संरक्षित क्षेत्र आहे, वाट सोडायचीच नसते. आणि तुझ्या त्या खेळण्याला पुढे काय आहे ते माहीतच नाही."

खरं सांगू? राग आला. पण पाऊल पुढे टाकलं आणि ओल्या पानांवरून पाय सरकला. झाडाला धरून उभी राहिले. खालून पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी किती खाली, ते दिसत नव्हतं. तेव्हा कुठे पोटात गोळा आला.

वाचवलं ते बाबांच्या सवयीनं. सह्याद्रीत ट्रेक करताना ते यंत्रात 'ट्रॅक' कायम चालू ठेवतात. त्यांचे जुने ठिपके अजूनही त्यात आहेत: 'रतनगड पाणी', 'हरिश्चंद्र गुहा'. त्यामुळे आम्ही रोपवेच्या वरच्या स्टेशनपासून जिथून जिथून आलो, ती रेघ पडद्यावर होती. रिकाम्या पिवळ्या जागेत तेवढी एकच खरी वाट. 'ट्रॅकबॅक' दाबलं आणि त्या रेघेवरून आलो तसे मागे गेलो. चाळीस मिनिटं लागली. दोघी एक शब्द बोललो नाही.

खाली येताना रोपवेच्या डब्यात ताईनं मला याच डोंगरावरची एक गोष्ट सांगितली. १७ एप्रिल १९३६ ला लंडनच्या शाळेतली सत्तावीस मुलं एका शिक्षकाबरोबर फ्रायबुर्गहून हा डोंगर ओलांडायला निघाली. हिमवादळ सुरू झालं. हातात होता तो नकाशा तपशिलाचा नव्हता आणि वाटा बर्फाखाली गेलेल्या. संध्याकाळी होफ्सग्रुंड गावच्या चर्चची घंटा ऐकू आली, त्या आवाजाच्या रोखानं काही मुलं गावापर्यंत पोहोचली. मग गावकरी कंदील घेऊन बाहेर पडले आणि बाकीच्यांना शोधून आणलं. तरीही पाच मुलं गेली. त्यांचं स्मारक आजही त्या डोंगरावर आहे.

ऐकून मी खिशातल्या यंत्राकडे बघितलं. त्या मुलांना आपण कुठे आहोत तेच ठाऊक नव्हतं. मला ते तीन मीटरच्या अचूकतेनं ठाऊक होतं आणि तरीही मी दरीकडेच निघाले होते.

दुसरी फेरी

त्या रात्री ताईच्या वायफायवर जर्मनीचा नकाशा उतरवला. बाबा व्हिडिओ कॉलवर. मला वाटलं ओरडतील. ते फक्त एवढंच म्हणाले, "कार्ड फॉरमॅट केलंस का?"

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. स्वच्छ ऊन होतं आणि पडद्यावर सगळा डोंगर होता. समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे आम्ही जिथे उभ्या होतो तो उतार किती तीव्र होता ते आता कळलं. डब्याकडे जाणारी पायवाट होती, पण पलीकडच्या अंगानं. बाणाच्या हिशोबानं नऊशे मीटर, वाटेनं जवळपास दोन किलोमीटर. झाडांवर पिवळ्या चौकटीच्या खुणा होत्या. श्वार्त्सवाल्डमध्ये स्थानिक वाटांना अशाच खुणा असतात आणि त्या थेट नकाशावरच्या रेघेशी जुळत होत्या.

डबा एका मुळाखाली, दगड लावून ठेवलेला. आत ओलसर वही, एक छोटी प्लास्टिकची गाय आणि पेन्सिल. मी पाच रुपयांचं नाणं ठेवलं, गाय ताईनं घेतली. वहीत मराठीत लिहिलं: 'दुसऱ्या फेरीत सापडला. पुणे.'

निघण्यापूर्वी एवढं बघा

• यंत्रात जाणार त्या देशाचा नकाशा, समोच्च रेषांसह. घरीच तपासलेला.

• डब्यांची फाइल यंत्रात, आणि फोनमध्येही एक प्रत.

• फॉरमॅट आणि डेटम जुळवलेला.

• सेलचा जादा जोड. थंडीत लिथियम सेल जास्त टिकतात.

• ट्रॅक कायम चालू.

• डब्याच्या पानावरचा 'टेरेन' आकडा वाचा. १ म्हणजे सोपं, ५ म्हणजे दोर किंवा होडीसारखं खास साहित्य लागू शकतं.

• त्या देशाचे नियम विचारा. चीनमध्ये परवानगीशिवाय नकाशासाठी मोजणी करणं बेकायदा आहे.

• साधा जीपीएस आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र यांत गल्लत नको. इनरीचसारखी मेसेज पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी परदेशी पर्यटक अडचणीत आले होते. तिकडून येताना 'स्वस्तात मिळालं' म्हणून आणू नका.

• कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी एका माणसाला सांगून ठेवा.

आणि हो, घरच्यांनी 'नकाशा टाकून घे' म्हटलं, तर बॅग बाजूला ठेवा आणि आधी तो टाका.